आभाळ-सान, पान-सान

लिऊ तिसऱ्यांदा रंगाच्या दुकानात आली, तेव्हा दुकानदार सातवे दादा चहाचा पेला बाजूला ठेवून उभेच राहिले.

"सहाव्या वहिनी, पाया पडतो तुमच्या. भिंत रंगवायचीय की जावई पसंत करायचाय?"

"जावई पसंत करायला एवढा वेळ घेतला असता, तर आज इथे ताटकळले नसते," लिऊ म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं. दादांनी ऐकलं नाही असं दाखवलं. भला माणूस. लिऊचा नवरा भावंडांत सहावा, म्हणून ती सहावी वहिनी. दुकानदार त्यांच्या घरातले सातवे, म्हणून सातवे दादा. सा देक गावात माणसाचं खरं नाव जन्मदाखल्यावर असतं आणि थडग्यावर असतं. मधल्या आयुष्यात सगळे आकड्यांवरच भागवतात.

दादांनी पुन्हा तीच दोन कार्डं काउंटरवर मांडली. एक फिकट निळं, दुसरं फिकट हिरवं. दोन्ही इतकी फिकट, की दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटाव्यात. कंपनीनं निळ्याला 'दूरचं आभाळ' असं नाव दिलं होतं आणि हिरव्याला 'कोवळा भात'. नावं ठेवणाऱ्याला कामधंदा नसावा, असं दादांचं मत होतं.

"त्या दिवशी पोरगी नेमकं काय म्हणाली, ते परत सांगा बघू."

"म्हणाली, मा, माझी खोली रंगवून ठेव. फिकट सान. होती तशी."

"कुठली सान?"

"तेच तर!" लिऊ म्हणाली.

इथल्या भाषेची ही एक खोड आहे. आभाळ सान, पान सान, नदीही सान. कच्चा आंबा सान आणि तापातून उठलेल्या माणसाचा चेहराही सान. निळं आणि हिरवं यांना मिळून एकच शब्द. नेमकं सांगायचं असेल तर पुढे जोडायचं, आभाळ-सान किंवा पान-सान. पण घाईत कोण जोडत बसतो? त्यात दहा वर्षांत पहिल्यांदाच घरी येणारी लेक थोआ तैवानातल्या कारखान्याच्या दारातून बोलत होती. "तेतला, नव्या वर्षाला येतेय मा, तिकिटं काढली, मी आणि शिनरुई, मायलेकी दोघीच," एवढं सांगून झालं, खोलीचं सांगून झालं, आणि पाळीची घंटा वाजली. फोन बंद.

"मग उलटा फोन करून विचारा की," दादा म्हणाले. "एका शब्दाचं काम आहे."

"कामावर असते हो पोर. कशाला उगाच त्रास द्यायचा." लिऊनं दोन्ही कार्डं पिशवीत टाकली. "उद्या सांगते."

"उद्या सांगा, परवा सांगा. पण चुलीचा देव वर्षाचा हिशेब द्यायला वर जायच्या आत भिंत वाळली पाहिजे. तेतच्या तोंडावर ओली भिंत असली, तर वर्षभर घराला ओल लागते असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत, मला काय, मी रंग विकतो."

लिऊ सायकलवरून कालव्याच्या कडेनं घरी निघाली. त्रासाचं कारण खोटं होतं. खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीच्या खोलीचा रंग ती विसरली होती.

एकुलती एक पोर. वीस वर्षं त्या खोलीत झोपली. आणि लग्न होऊन तैवानला गेली, त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात नदी घरात आली, कंबरेइतकी. पाणी ओसरल्यावर भिंतींचं खालचं प्लास्टर पडलं, वरचं डागाळलं. कुणाकडे तरी अंड्याच्या रंगाचे डबे उरले होते, ते आणून घरभर फासले. तेव्हा काही वाटलं नव्हतं. चूल पेटायची होती, फुलांची रोपं वाचवायची होती. आता दहा-अकरा वर्षांनी डोळे मिटले की लिऊला त्या खोलीतलं सगळं दिसायचं. खिडकीचा मोडका कोयंडा दिसायचा, खाटेच्या पायाशी झोपणारी पांढरी मांजर दिसायची, थोआचा शाळेचा लांब पांढरा झब्बा खुंटीवर दिसायचा. भिंत तेवढी दिसायची नाही. भिंतीकडे कोण बघतं?

विचारलं असतं तर थोआ रागावली नसती. "असू दे मा, कुठलाही दे," असंच म्हणाली असती. पण तिला कळलं असतं. आणि तेच लिऊला नको होतं.

कालव्यापलीकडे नवव्या काकूंची मुलगी तैवानातच दिलेली. गेल्या तेतला ती आली होती. खुर्चीच्या कडेवर बसली, चारी बाजूंनी पाहिलं, "फार छान केलंय घर," म्हणाली आणि संध्याकाळी सामान घेऊन गावातल्या हॉटेलात गेली. काकू अजून सगळ्यांना सांगतात, पोरीला एसीची सवय झालीय हो. ऐकणारे मान डोलावतात. लिऊनंही डोलावली होती. पण तेव्हापासून 'फार छान' या दोन शब्दांची तिनं धास्ती घेतली होती. पाहुणे म्हणतात फार छान. घरचं माणूस आल्या आल्या म्हणतं, खिडकीचा कोयंडा अजून तसाच का? तिला थोआकडून कोयंड्याबद्दल बोलणी खायची होती. तिनं कोयंडा मुद्दाम दुरुस्त केला नव्हता.

लिऊचा नवरा थिन मळ्यात होता. तेत जवळ आला की फुलवाल्याला घर आठवत नाही. पाण्यावर उंच माचांवर शेवंतीच्या टोपल्या ओळीनं मांडलेल्या, आणि मधल्या पाण्यातून तो छोटी होडी ढकलत एकेका कळीची विचारपूस करत फिरत होता.

"ऐकलंत का? थोआची खोली कुठली सान होती?"

"पान-सान," तो मागे न बघता म्हणाला. "शंभर टक्के."

लिऊचा जीव अर्धा भांड्यात पडला. रात्रीच्या जेवणाला मासा वाढताना तिनं खात्रीसाठी परत विचारलं.

"आभाळ-सान असावी," तो म्हणाला.

"अहो, सकाळी पान म्हणालात!"

"सकाळी मी पानांकडे बघत होतो."

"मग आत्ता काय आभाळाकडे बघताय?"

"आत्ता मी माशाकडे बघतोय, थोआची मा. तो खाऊ दे मला."

असा नवरा. चाळीस शेवंत्या समोर ठेवल्या तर कुठली परवा उमलेल ते सांगेल. लेकीची भिंत विचारली तर मासा.

वाट सापडली ती भलत्याच ठिकाणी. नवऱ्याच्या खोकल्यासाठी पाला आणायला लिऊ बाजारातल्या चिनी औषधांच्या दुकानात गेली होती. दुकानातली म्हातारी आ-मुई ड्रॉवर उघडता उघडता तैवानची मालिका बघत होती. तिचे आजोबा चीनमधून आलेले, आणि ते ती गिऱ्हाइकाला विसरू देत नसे.

"आ-मुई, तुमच्यात सानला काय म्हणतात?"

"कुठली सान?"

लिऊनं कपाळावर हात मारला. "तुम्हीपण?"

"अगं, मला विचारावंच लागतं. तुमच्यासारखं नाही आमचं, एक शब्द घेतला आणि सगळ्याला फासला. आभाळाची ती 'लान'. पानाची ती 'ल्यू'. दोन वेगळे शब्द. एकाच्या जागी दुसरा चालत नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. हिरव्या भाजीला लान म्हणालीस तर भाजीवाला तुलाच दवाखान्यात न्या म्हणेल."

लिऊ पाल्याची पुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. थोआनं आपल्या लेकीला खोलीबद्दल कधीतरी सांगितलं असणारच. झोपताना, ताप आला असताना, कधीतरी. आजीचं घर, कालवा, मांजर, माझी खोली. आणि शिनरुईला इथली भाषा येत नाही. सासरी कुणाला आवडत नाही म्हणून थोआनं शिकवली नाही. म्हणजे सांगितलं ते चिनीत. म्हणजे सांगताना तिला दोन्हीतला एक शब्द उचलावाच लागला असेल. इथे सान म्हणून झाकून नेता येतं, तिथे नाही.

"आ-मुई," ती म्हणाली, "'आईची खोली' कसं म्हणतात ते शिकवा मला. पटकन."

रविवारी थोआचा फोन आला तो चेहरा दिसणारा. थोआ स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता, फोन शिनरुईच्या हातात होता. आठ वर्षांची पोर, कपाळावर सरळ कापलेले केस, आणि त्या केसांखाली थोआचेच डोळे. आजी आणि नात एरवी एकमेकींना हात हलवत, जीभ काढून दाखवत, आणि मग बोलायला काही नसे. आज लिऊनं तोंड फोनला चिकटवलं आणि आठवडाभर घोकलेलं हळूच म्हटलं. आईची खोली. लान? ल्यू?

पोर आधी चकित झाली. आजी चिनी बोलली!

"लान!" ती ओरडली. विचारसुद्धा केला नाही. मग फोन खाली टाकून पळाली, लिऊला थोडा वेळ छत दिसत राहिलं, आणि परत आली ती एक चित्र घेऊन. पाण्याकाठी खांबांवरचं घर, दारात मांजर, आणि आत एक खोली निळ्या पेन्सिलीनं गच्च रंगवलेली. खोलीत एक मुलगी आडवी.

"कुणाशी बोलतेयस गं?" आतून थोआ ओरडली असावी, कारण पोरीनं चित्र पाठीमागे लपवलं. थोआ फोनवर येताच लिऊनं घाईनं भाताच्या भावाचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी दादांकडे जाऊन आभाळ-सान सांगून टाकायचं, म्हणजे सुटले, असं म्हणत ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

सकाळी दुकानात जाण्याआधी खोली मोकळी करावी म्हणून तिनं थिनला मळ्यातून ओढून आणलं आणि दोघांनी मिळून ते जुनं लाकडी कपाट सरकवलं. पुराच्या साली रंग देणाऱ्यानं आळस केला होता. कपाट न हलवताच त्यानं भोवतीनं अंड्याचा रंग फिरवला होता. त्यामुळे कपाटामागे, कंबरेच्या वर, मूळची भिंत दाराएवढी तशीच राहिली होती.

ती हिरवी होती.

लिऊनं पिशवीतून कार्डं काढली. 'कोवळा भात' भिंतीला लावलं. कार्ड कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते दिसेना. निळं लावलं; परकं दिसलं. तिनं सुरीनं कोपऱ्यात खरवडून पाहिलं. हिरव्याखाली पांढरा चुना, त्याखाली वीट. ही भिंत जन्मात कधी निळी नव्हती.

"सांगत होतो की नाही, पान-सान," थिन म्हणाला.

"मासा खाताना काय सांगत होता?"

"सुरुवातीला काय सांगितलं ते धरायचं."

"पण शिनरुई लान म्हणते."

"लेकराला काय कळतं?"

"लेकराला थोआनं सांगितलंय."

थिन पाठ खाजवत म्हणाला, "तर मग आभाळ-सान मारून टाक. तिला वाटतं तशी करून दे. भिंतीला काय, ती थोडीच भांडायला येणार आहे?"

बोलणं शहाणपणाचं होतं, नाकारायला काही कारण नव्हतं. तरी लिऊला ते टोचत राहिलं. पोरगी दहा वर्षं जिच्यासाठी झुरली ती खोली हीच ना? की तिथल्या कुठल्या दुकानात, कुठल्या सिनेमात पाहिलेल्या निळ्या खोलीला ती आता घर म्हणत होती? आई विसरली, आणि लेकही विसरली, अशी दोघींची कथा. मग रंग कुणासाठी लावायचा? त्या दिवशी ती दुकानात गेलीच नाही.

चुलीच्या देवाला जायला आता फार दिवस उरले नव्हते. तिनं हातांना दुसरं काम दिलं. कपाटाच्या खालच्या खणात थोआची मच्छरदाणी घडी करून ठेवलेली सापडली, गडद निळी, दाट विणीची. लिऊनं ती धुतली, उन्हात वाळवली, आणि दुपारी थोआच्या खाटेवर चारी दोऱ्या बांधून टांगली. भोकं शोधायला आत शिरल्याशिवाय इलाज नसतो. सुईदोरा घेऊन ती आत शिरली, कडा गादीखाली खोचल्या आणि उजेडाकडे तोंड करून बसली.

तीन भोकं शिवून झाली. चौथं डोक्यावर होतं, ते बघायला ती आडवी झाली, आणि मान वळली तर समोर भिंत.

अंड्याच्या रंगाचा भाग जाळीतून मळकट, धुरकट दिसत होता. पण कपाटामागचा तो हिरवा तुकडा निळा होता. फिकट, स्वच्छ निळा. नातीच्या पेन्सिलीचा निळा.

लिऊनं जाळी वर करून डोकं बाहेर काढलं. हिरवा. आत घेतलं. निळा. लहान पोरासारखं तिनं चारपाच वेळा आत-बाहेर केलं. भिंतीचा रंग इतका फिका होता की तिचं स्वतःचं म्हणून फार काही नव्हतंच. जाळी म्हणेल ते ती मुकाट ऐकत होती.

मग सुई टोचून ठेवून ती तशीच पडून राहिली, कारण आता तिला सगळं आठवलं.

लग्न थोआनंच पसंत केलं होतं. कुणी ढकललं नव्हतं. गावातल्या निम्म्या मुली तिकडे जात होत्या, तिनंही जाते म्हटलं. पण कागदपत्रं होऊन विमानाची तारीख येईपर्यंत जो महिना गेला, त्या महिन्यात ती दुपार झाली की या जाळीत शिरायची, कडा चारी बाजूंनी घट्ट खोचून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. झोपत नसे. लिऊ दारात यायची, खाटेपर्यंत यायची, आणि जाळीच्या बाहेरून बोलायची. लोकरीचा कोट घेतलास का, तिकडे थंडी असते. भात खाऊन घे. मासळीच्या चटणीची बाटली विमानात नेऊ देतात का, विचार. आतून हं, हं येई. जाळी उचलून आत जावं, पोरीच्या पाठीला पाठ लावून पडावं, असं रोज वाटे. रोज हात कडेपर्यंत जाई. पण आत गेले तर रडेन, आणि मी रडले तर ही जायची नाही, आणि न जाऊन इथे तरी काय आहे, असा विचार करून ती रोज बाहेरूनच परत फिरली. शेवटच्या दिवसापर्यंत.

तर ही ती निळी खोली. थोआ काहीच विसरली नव्हती. घर सोडून जाणाऱ्या मुलीनं जिथून जेवढं दिसलं तेवढं बरोबर नेलं होतं, आणि ते जाळीच्या आतून दिसलं होतं. लिऊ बाहेर उभी होती, म्हणून तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी दुकान बंद होता होता ती पोचली.

"पान-सान द्या, दादा."

"नक्की? मशीन फिरलं की परत घेत नाही हं."

"नक्की. आणि मी परत आले तर झाडूनं हाकला."

"झाडू कशाला, नवीन ब्रश आलेत," दादा म्हणाले आणि डबा यंत्रात घातला.

थिननं चारही भिंती हिरव्या होताना पाहिल्या आणि विचारलं, "लेकरू लान म्हणालं होतं ना?" लिऊ ब्रश धुवायला गेली. सांगण्यासारखं होतं, पण सांगितलं असतं तर ते हसण्यावारी गेलं असतं. आणि तिला स्वतःलाही खात्री कुठे होती? भिंती वाळल्यावर तिनं जाळीतून परत परत पाहिलं. बरोबर दिसत होतं. पण थोआ आधी दारातून बघणार होती. दारातून ती खोली पान-सान होती आणि पान-सानच दिसणार होती. निळी केली असती तर दारातच काम झालं असतं. लिऊनं जाळीच्या कडा वर उचलून जाळीच्याच माथ्यावर टाकून ठेवल्या आणि चुलीच्या देवापुढे गोड ठेवताना बाकी काही न मागता, थोआ एकदा जाळीच्या आत शिरू दे, एवढंच मागितलं.

थोआ आली ती दुपारच्या आधी, गाडीतून उतरताना एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात लेक. वाळली होती. केस आखूड केले होते. "मा!" म्हणून तिनं हाक मारली त्यात तिकडचा हेल होता. लिऊनं तिचे दंड चाचपले, पाठ चाचपली, बाजारात कोंबडी चाचपावी तशी. थिननं शिनरुईच्या हातात शेवंतीची टोपली दिली. ती जवळजवळ तिच्याएवढीच होती.

मग थोआ आपल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

लिऊ तिच्या मागे होती, तोंड दिसत नव्हतं. मानच दिसत होती. मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि थांबली.

"फार छान झालीय, मा," थोआ म्हणाली.

तेच दोन शब्द.

शिनरुई आईच्या काखेखालून आत डोकावली आणि मोठ्यांदा काहीतरी म्हणाली. लिऊला त्यातलं एकच कळलं, लान, आणि तिची जोरजोरात नकारार्थी हलणारी मान. थोआनं तिला दटावलं. मग आईकडे वळून, पाहुणे हसतात तसं हसली. "काही नाही गं. लहान आहे. खरंच छान आहे रंग. नवा वाटतो."

"होती तशीच आहे," लिऊ कसंबसं म्हणाली.

"हो हो, तशीच आहे," थोआ घाईनं म्हणाली, आणि त्या घाईनं लिऊ आणखी खचली. थिननं बायकोकडे असं पाहिलं की सांगितलं होतं ना. थोआ म्हणाली, "मा, मी काय म्हणत होते, शिनरुईला या उकाड्याची सवय नाही. रात्री रडली तर तुमचीही झोप मोडेल. वाटलं तर आम्ही गावात एखादी एसीची खोली..."

"आधी जेवा," लिऊ म्हणाली. "मग थोडं पडा. मग काय ते ठरवा."

जेवण झालं. नारळाच्या पाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस होतं, अंडी होती, कारल्याचं सूप होतं. थोआनं सगळं खाल्लं आणि प्रत्येकाला छान म्हणाली. लिऊला एकेक छान मोजल्यासारखं लागत होतं. कोयंड्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

जेवणं होईपर्यंत ऊन तापलं. मायलेकी खाटेवर आडव्या झाल्या. लिऊ आत गेली, "डास असतात गं दुपारचे," म्हणाली, वर टाकलेली जाळी खाली सोडली आणि चारी बाजूंनी कडा गादीखाली खोचल्या. कुणाकडे न बघता ती बाहेर आली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चिकट भात बांधायला आणलेली केळीची पानं ओल्या फडक्यानं पुसू लागली. एकच पान ती पुसत राहिली.

खोलीत काही आवाज नव्हता. झोपल्या असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. थकून आल्यात. संध्याकाळी हॉटेलात जातील. जाऊ देत. दिसली तरी.

"लान!"

शिनरुईचा आवाज घरभर घुमला. "लान! लान!" आणि खाट करकरली, पोर उठून बसली असावी, आणि हसतेय की काय.

त्यानंतर पुन्हा काही नाही. बाहेर थिनची होडी माचाला धडकल्याचा आवाज आला. लिऊ पान हातात धरून तशीच बसली होती. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"मा."

हा थोआचा आवाज. यात तिकडचा हेल नव्हता.

लिऊ उठली, दारापर्यंत गेली. जाळीच्या आत थोआ भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशीच, तेव्हासारखी. एक हात पुढे करून तिनं भिंतीला बोटं लावली होती.

"मा, ही अशीच होती. मी मघाशी... मला वाटलं, मीच विसरले. दारातून बघितलं तर पान-सान. म्हटलं, इतकी वर्षं मी भलतंच काहीतरी धरून बसले."

"नाही गं. अशीच होती."

"तुला कसं कळलं? तू तर कधी..." ती थांबली.

लिऊ दारातच उभी होती. बाहेरून बोलायच्या सगळ्या गोष्टी तिच्या जिभेवर आल्या. उकडतंय का, पंखा लावू का, पाणी हवं का.

"मला रोज वाटायचं, तू आत येशील," थोआ भिंतीकडे बघतच म्हणाली.

"आले असते तर तुला जाऊ दिलं नसतं."

"माहितीय." थोआनं नाक ओढलं. "आता ये की मग. दारात काय उभी राहतेस? आणि मा, तो खिडकीचा कोयंडा अजून तसाच? दहा वर्षांत बाबांना एक खिळा मारता आला नाही?"

लिऊनं ओले हात सदऱ्याला पुसले. खाटेपाशी गेली, जाळीची कड उचलली आणि आत शिरली. खाट लहान होती, शिनरुई कोपऱ्यात सरकली, तरी जागा पुरेना. लिऊची पाठ जाळीला टेकली. थोआ वळली, आईच्या अंगावरून हात लांबवून तिनं मागची मोकळी कड चाचपत शोधली आणि गादीखाली नीट खोचून टाकली.